टाकीमागचं पान

गल्लीत त्याला सगळे तोफ म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तोही खुशाल ओ देई. फळांच्या गाडीमागे उभं राहून त्याने आयुष्यभरात जेवढे गोळे डागले, तेवढ्यांत एखादी लढाई सहज जिंकता आली असती. एकदा म्हणे त्याच्या गाडीवर असलं दांडगं सफरचंद आलं, की ते कापायला सुताराकडून करवत आणावी लागली, आणि अर्धं विकून झाल्यावर आतून एक मांजर जांभया देत बाहेर आलं. एकदा म्हणे त्याने पपईच्या बिया चुकून गटारात टाकल्या, तर नगरपालिकेला गटार बुजवून तिथे बाग जाहीर करावी लागली. कोणी म्हणालंच, "काय राव, काहीही!" तर तोफ दुखावल्यासारखा चेहरा करी आणि म्हणे, "माझ्या मुलीला विचारा."

मुलीला विचारायची सोय नव्हती, कारण ती खरं सांगे. शाळेतून आली की ती गाडीशेजारच्या स्टुलावर बसून फोडींच्या बश्या लावायची. गिऱ्हाइकाने "ताजं आहे ना गं?" म्हणून विचारलं, की ती मान वर करून म्हणायची, "कालचं आहे." तोफ कपाळावर हात मारून घेई. "बघा! तोफेच्या पोटी तराजू जन्माला आला." तेव्हापासून ती तराजूच झाली. फोडी काळ्या पडू नयेत म्हणून तो त्या एका डब्यातल्या पांढऱ्या पुडीच्या पाण्यातून बुडवून काढायचा. त्या पुडीला तो गोरेपणाची पावडर म्हणे. तराजूची बोटं त्या पाण्यात भिजून भिजून सुरकुतत आणि चाटली की आंबट लागत. तिचं सगळं लहानपण त्या चवीचं होतं.

पुढे तराजू खरोखरच मोजमापाच्या कामाला लागली. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर प्रयोगशाळा होती, तिथे झाडपाल्याचे अर्क तपासत. लोक पिशव्या भरभरून पानं पाठवीत, यानं पोट साफ होतं, त्यानं म्हातारपण थांबतं, असले दावे घेऊन. ती पानं वाळवायची, कुटायची, भिजवायची, गाळायची, आटवायची. शेवटी बशीत उरायचा डांबरासारखा चिकट अर्क. मग त्याची परीक्षा. एका गडद जांभळ्या द्रावणात अर्क सोडायचा. पानात दम असेल तर जांभळा रंग फिकटत फिकटत पिवळा होतो. नसेल तर जांभळा तो जांभळाच. शेजारच्या नळीत नेहमी शुद्ध क जीवनसत्त्वाची पांढरी पूड असे, तुलनेसाठी. ती नळी पापणी लवायच्या आत पिवळी होई. पानं बिचारी तिच्या मागे धापा टाकत येत. बहुतेक पानं थोडंफार पिवळं करतातच, पण पुडीची बरोबरी करणारं पान तिने कधी पाहिलं नव्हतं.

आणि मग तोफेचं जेवण उतरलं.

आधी दोन घास कमी झाले, मग चार. मग भाकरी बघूनच तो तोंड फिरवायला लागला. त्याची बहीण, म्हणजे तराजूची आत्या, त्याच घरात राहत होती. तिने आधी टोमणे मारले, मग काळं शौच पाहिलं आणि टोमणे थांबवले. तराजूने त्याला धरून दवाखान्यात नेलं. पोटात दुर्बीण घातली गेली. सर्जनने दोघींना बोलावून स्वतःच्या अंगठ्याचं पेर दाखवलं.

"एवढी आहे. जठराच्या तोंडाशी. आत्ता कापली तर सगळी निघेल. थांबलात तर मला काही करता येणार नाही."

"थांबायचं म्हणजे किती?" आत्याने विचारलं.

"अजिबात नाही," सर्जन म्हणाला.

गल्लीत परत येईपर्यंत ती गाठ नारळाएवढी झाली होती. चौकात पोचेपर्यंत ती रात्री घोरायलाही लागली होती. लोक हसले. तोफही हसला. पण ऑपरेशनचं नाव काढलं, की त्याचं तोंड शिवल्यासारखं व्हायचं.

"मला कोणी चिरणार नाही," तो म्हणाला. "जन्मभर मी फळं कापली. आत काय निघतं ते मला माहीत आहे. टाकीमागचं पान आहे माझ्याकडे."

घरामागे पाण्याची सिमेंटची टाकी होती. तिच्या ओलीवर एक बिननावाचं झुडूप वाढलं होतं, काळपट हिरव्या, केसाळ पानांचं. त्या पानाच्या काढ्याने कुणाचं पोट दुरुस्त झालं, कुणाचे दात परत आले, एका म्हशीला तर माणसासारखी ढेकर द्यायची सवय लागली, हे गल्लीला पाठ होतं.

"दादा, तुझ्या म्हशीला दुर्बीण घातली होती का कुणी?" आत्या म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस. तराजूला बोलू दे. काय गं, तुझं तेच काम आहे ना? मोज. तुझ्या त्या पांढऱ्या पुडीला माझ्या पानाने टक्कर दिली नाही, तर मी स्वतःच्या पायांनी जाऊन टेबलावर झोपतो. आणि दिली, तर पुन्हा कापाकापीचा विषय काढायचा नाही. बोल."

तराजूने क्षणभरही विचार केला नाही. असला सोपा सौदा तिला कोणी दिला नसता. जगातलं कुठलंही झुडूप त्या पुडीपुढे टिकत नाही, हे तिला रोजच्या कामावरून माहीत होतं. "चालेल," ती म्हणाली. "पण मग मागे फिरायचं नाही, बाबा."

"तोफेचा शब्द आहे."

"तेच तर भय आहे," आत्या पुटपुटली.

अट एकच होती. तोडायचं आणि वाळवायचं त्याने, मोजायचं तिने. दोन-तीन दिवसांत त्याने कागदी पिशवी आणून दिली. पानं सुंदर वाळली होती. एरवी वाळलेला पाला शेणासारखा तपकिरी होतो, ही पानं हिरवी राहिली होती. तिने बापाची पाठ थोपटली. माल मांडायला त्याला सांगावं लागत नसे.

हे काम तिने जेवणाच्या सुट्टीत, प्रयोगशाळेच्या सरांना न सांगता केलं. अर्क काढला, नळ्या मांडल्या. पहिल्या नळीत नुसतं जांभळं, दुसऱ्या नळीत पांढरी पूड, तिसऱ्या नळीत टाकीमागचं पान. उजेड लागू नये म्हणून नळ्या कपाटात ठेवून दार लावलं आणि डबा उघडून जेवायला बसली. जेवण उरकलं आणि उठून दार उघडलं.

दोन नळ्या पिवळ्या होत्या.

तिला वाटलं, नळ्यांची अदलाबदल झाली. पुन्हा केलं. पान पुडीच्या खांद्याला खांदा लावून धावत होतं. मग तिने पचनाची परीक्षा घेतली. उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचे चौकोनी तुकडे, पाचकरस, कोमट पाणी. नुसत्या रसातला तुकडा कोपरे शाबूत ठेवून बसला होता. पानाच्या नळीतला तुकडा विरघळून ढग झाला होता.

आता इथे कुठल्याही नवशिक्याने विचारलं असतं, की बाई, अर्क आंबट आहे का बघितलं का? पाचकरसाला आंबट दिलं की तो चेकाळतोच. एक रंगकागद बुडवायचा होता. पण तराजू त्या दिवसांत पानावर पहारा ठेवतच नव्हती. ती स्वतःवर पहारा ठेवत होती. पान नापास व्हावं असं तिला इतकं वाटत होतं, की आपल्या हातून त्याच्यावर अन्याय होईल याचीच तिला धास्ती. निकाल मनाविरुद्ध आला, म्हणूनच तिला तो खरा वाटला. एखाद्या परक्याचं पान असतं, तर तिने त्याची उलटतपासणी घेतली असती.

घरी जाताना बसमध्ये ती एकच शब्द घोकत होती. हरलं. बाबा, पान हरलं. एवढं म्हटलं की काम झालं. त्याला काय कळणार आहे? तिने आरशात बघून म्हणावं तसं खिडकीच्या काचेत बघून ते म्हणून पाहिलं. ओठ हलले, पण शब्द तोंडात परका वाटला.

तोफ दारातच बसला होता. गालांची हाडं वर आली होती. "काय झालं?"

तराजूने आत्याकडे पाहिलं. आत्या डोळ्यांनी विनवत होती, मार गं, एकदा तरी थाप मार.

"बरोबरी झाली," तराजू म्हणाली.

तोफ उठला. दारातच उभा राहून त्याने डोळे पुसले. गल्लीने त्याला हसून हसून म्हातारं केलं होतं. त्याच्या एकाही गोष्टीला आजवर साक्षीदार मिळाला नव्हता, आणि आज साक्षीदार म्हणून उभी होती खुद्द तराजू. संध्याकाळी तो चौकात गेला तेव्हा त्याने पहिल्यांदाच गोष्टीला एकही शेपूट लावलं नाही. "मशीनवर मोजलं. माझ्या मुलीने," एवढंच म्हणाला. कोणी हसलं नाही.

"बाबा, पण नळीतलं पोट वेगळं नि माणसाचं..." ती रोज म्हणायची.

"सौदा म्हणजे सौदा."

काही आठवडे त्याला बरंही वाटलं. गाठी अशी फसवणूक करतात. तो थोडं जेवला, गाडी बाहेर काढली, दोन नवे गोळे टाकले.

सरांनी दरम्यान नळ्यांचे आकडे पाहिले होते. ते रागावले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "इतकं चांगलं पान मी आयुष्यात पाहिलं नाही. म्हणूनच मला ते परत पाहायचंय. या वेळी तुम्ही स्वतः तोडून आणा."

तिने पानं तोडली. धुतली, प्रयोगशाळेच्या जाळीवर वाळवली, ती छान तपकिरी झाली. अर्क काढला, नळीत सोडला. रंग जेमतेम फिका झाला. अंड्याच्या तुकड्याचे कोपरे शाबूत राहिले. अगदी सामान्य पान होतं, रस्त्याकडेला उगवणाऱ्या कुठल्याही पानासारखं. तिने सगळ्या शक्यता धरून पाहिल्या, ऊन, ओल, पानाचं वय. आणि मग बापाच्या जुन्या पिशवीतलं उरलेलं हिरवंगार पान तिने हातात घेतलं आणि का कोण जाणे, लहानपणी बोटं चाटायची तसं ते जिभेला लावलं.

आंबट.

ती धावतच घरी पोचली. तोफ खाटेवर पडून होता. गुडघे पोटाशी होते.

"बाबा, पानं कशी वाळवली होती तुम्ही?"

"कशी म्हणजे? तुझ्या साहेबासमोर जायची होती, अशीच काळी पाठवू? गोरेपणाच्या पावडरीत चांगली रात्रभर बुडवली, मग सावलीत. माल दिसायला नको?"

"ती पावडर म्हणजेच क जीवनसत्त्व, बाबा. तीच माझ्या बाटलीतली पूड. पूड पुडीशीच शर्यत खेळली. तुमचं पान त्यात नव्हतंच. चला, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जाऊ."

तोफेच्या सुकलेल्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. अभिमानाचं हसू.

"आलं गं, शेवटी माझं रक्त वर आलं. काय थाप रचलीस! डबा, बाटली, शर्यत. वा! फक्त एक शिक, थाप मारताना रडायचं नसतं. गिऱ्हाईक सावध होतं."

"मी खरं सांगतेय!"

"खरं तू तेव्हा सांगितलंस. तेव्हा तुला माझं पान हरायला हवं होतं, तरी बरोबरी म्हणालीस. ते खरं. आता मला चिरायला न्यायचंय म्हणून हे रचलंस. मला शिकवतेस?"

आत्याने हात जोडले, शिव्या दिल्या, भांडी आपटली. तोफ भिंतीकडे तोंड करून पडला. तिच्या ज्या खरेपणाने त्याला ऑपरेशनपासून अडवलं होतं, त्याचाच दाखला देऊन तो आता तिला खोटी पाडत होता.

शेवटी त्याला दवाखान्यात न्यायला तिला वाद घालावा लागला नाही. एका सकाळी त्याने बादलीभर काळं रक्त ओकलं, आणि गल्लीतल्या चौघांनी त्याला उचलून रिक्षात घातलं. सर्जनने पोट उघडलं, आत पाहिलं आणि काही न कापता पुन्हा शिवलं. बाहेर येऊन तो तराजूला म्हणाला, "तेव्हा आला असतात तर."

वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक शिंपी होता. ओढलेल्या तोंडाचा, भित्रा. त्यालाही तशीच गाठ होती, अंगठ्याच्या पेराएवढी, आणि दुसऱ्या दिवशी त्याचं ऑपरेशन होतं. तराजू दुपारी डबा घेऊन आली, तेव्हा शिंपी कपडे पिशवीत कोंबत होता.

"बरं झालं आलात ताई," तो दबक्या आवाजात म्हणाला. "तुमच्या वडिलांनी सगळं सांगितलं पानाचं. मशीनवर तुम्हीच मोजलंत ना? मी निघालो. सिस्टरचं लक्ष नाही तोवर. झुडूप नेमकं कुठेय, टाकीच्या डाव्या अंगाला की उजव्या?"

तराजूने बापाकडे पाहिलं. तो डोळे मिटून पडला होता. नाकात नळी होती. ओठ फाटलेले. आयुष्यात एकच गोष्ट त्याची खरी ठरली होती आणि तीच उशाशी घेऊन तो पडला होता. ती तोंड उघडणार, तेवढ्यात त्याने डोळे उघडले.

"तराजू. त्या दिवशीचं, डब्याचं. थाप होती का?"

ती त्याच्या खाटेच्या कडेला बसली. "नव्हती, बाबा."

त्याने शेजारच्या खाटेकडे मान वळवली.

"शिंपीबुवा," तो म्हणाला, "पिशवी ठेवा खाली. पानात काही नाही. मी त्याला पावडर लावली होती."

शिंप्याने आधी डोळे बारीक केले, मग कडवट हसला. "कळलं. झुडूप लहान आहे, पानं थोडी आहेत. स्वतःपुरती राखून ठेवताय. काल म्हशीला ढेकर आणत होतात, आणि आज काही नाही?"

जन्मभर तोफेच्या थापांवर लोकांनी अविश्वास दाखवला होता, ते त्याच्या अंगवळणी पडलं होतं. खरं सांगून कोणी विश्वास ठेवत नाही म्हणजे काय, ते त्याला आत्ता कळत होतं. त्याने तराजूकडे पाहिलं, आणि तिला दिसलं, की तिला खोटी पाडून आपण भिंतीकडे तोंड करून पडलो तो दिवस त्याला आठवला आहे.

"आण तुझं ते जांभळं," तो म्हणाला. "इथे आण. ह्यांच्या डोळ्यांसमोर कर. आणि पावडर माझ्या डब्यातली आण, तुझ्या बाटलीतली नको."

सिस्टर कुरकुरली, पण नळ्यांना बुचं आहेत बघून गप्प झाली. तराजूने दुसऱ्या दिवशी सकाळी तोफेच्या खाटेशेजारच्या औषधांच्या कपाटावर तीन लहान नळ्या ठेवल्या. तिन्ही गडद जांभळ्या. एकीला हात लावला नाही. दुसरीत तिने स्वतः तोडलेल्या पानाचा अर्क सोडला. तिसरीत डब्यातल्या पावडरीचं पाणी सोडायचं होतं, तेव्हा तोफेने हात पुढे केला. एका हाताने त्याने तिचा हात पकडला, दुसऱ्याने ड्रॉपर नळीवर नेला. थेंब पडला. जांभळं फाटल्यासारखं झालं आणि नळी पिवळी पडली.

पानाची नळी जांभळीच होती. शिंपी बघत होता. तोफही बघत होता. शिंप्याला त्यात काय दिसलं ते त्याचं त्याला ठाऊक. तोफेला काय दिसलं ते तराजूला ठाऊक होतं, कारण त्याने तिच्या हातावरची पकड सोडली नव्हती.

"आणखी थोडं थांबून बघू," शिंपी चाचरत म्हणाला. "होईल पिवळी."

"मी थांबलो होतो," तोफ म्हणाला.

शिंप्याने पिशवी खाटेखाली सरकवली.

त्याला न्यायला ढकलगाडी आली तेव्हा तो पांढराफटक पडला होता. गाडी तोफेच्या खाटेजवळून जाताना त्याने हात बाहेर काढला. "अहो फळवाले, काहीतरी सांगा. आत जाईपर्यंत. ते करवतीवालं सफरचंद सांगा. केवढं होतं म्हणालात?"

तोफेने पांघरुणातून हात बाहेर काढला. तराजूला वाटलं, आता तो दोन्ही हात पसरेल, वॉर्डच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, आणि आतून मांजर निघेल. त्याने एकच हात वर केला. बोटं हळूहळू मिटली.

"एवढं," तो म्हणाला, आणि मूठ दाखवली.

गाडी दारातून बाहेर गेली. मूठ तशीच हवेत राहिली. तराजूने दोन्ही हातांनी ती धरून खाली घेतली. ती गार होती, सुरकुतली होती, आणि तिच्या तोंडाला पुन्हा ती जुनी आंबट चव आली.